नरसाळ्याकार छाती : उपचारांचा इतिहास

छातीच्या पुढील बाजूस मध्यभागी असलेले चपटे हाड म्हणजे उरोस्थी आणि तिला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या बरगड्यांच्या उपास्थी (लवचिक, मऊ हाडे, कूर्चा) पाठीच्या कण्याच्या दिशेने आत वळल्यामुळे छातीवर जो खळगा तयार होतो, त्या विकृतीस ‘नरसाळ्याकार छाती’ किंवा ‘खचलेली छाती’ असे म्हणतात. खळगा बहुधा उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागात सर्वांत खोल असतो; वरच्या दोन बरगड्या व उरोस्थीचा वरचा भाग सहसा प्राकृत (सर्वसाधारण) असतो. दर 300 ते 400 जन्मांमागे सुमारे एका मुलात ही विकृती आढळते व मुलींपेक्षा मुलांत तिचे प्रमाण तिपटी-चौपटीने जास्त असते. पुष्कळ मुलांत ती पहिल्या वर्षातच लक्षात येते, परंतु वयात येताना उंची झपाट्याने वाढू लागली की खळगाही वेगाने खोल होतो. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सदरा काढावयास लाजू लागला, पोहावयास जाईनासा झाला, खांदे पुढे पाडून चालू लागला, की मगच घरातील मंडळींचे तिकडे लक्ष जाते.

या विकृतीच्या उपचारांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे. हा शरीरव्यापारात बिघाड करणारा रोग समजावयाचा, की केवळ रूपातील वैगुण्य? रोग मानला तर हृदय व फुप्फुसे यांवरील दाब दूर करणे हे उपचाराचे उद्दिष्ट ठरते व शस्त्रक्रियेतील धोका पतकरणे समर्थनीय होते. वैगुण्य मानले तर खळगा नाहीसा करणे किंवा नुसता झाकणेही पुरेसे होते, मात्र त्यासाठी जिवावरचा धोका पतकरावा की नाही याचा विचार करावा लागतो. वैद्यांची मते या दोन टोकांमध्ये सतत हेलकावे खात आली आहेत आणि प्रत्येक नव्या उपचारामागे या प्रश्नाचे एखादे उत्तर गृहीत धरलेले दिसते.

जुन्या नोंदी : यूरोपीय वैद्यकीय वाङ्मयातील यासंबंधीची पहिली स्पष्ट नोंद 1594 मध्ये योहान शेंक यांच्या निरीक्षणसंग्रहात आली. त्यात बाउहीन यांनी सात वर्षांच्या एका मुलाचे वर्णन केले असून छाती खचल्यामुळे त्यास धाप लागत असे व खोकल्याच्या उबळी येत असे म्हटले आहे. पुढील अडीच शतकांत तुरळक उल्लेखांपलीकडे काही मिळत नाही. 1872 मध्ये लंडन येथे विल्यम्स यांनी सतरा वर्षांच्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या वडिलांची व भावाचीही छाती तशीच होती. विकृती घराण्यात उतरते हे त्यावरून सुचविले गेले व ते पुढे खरे ठरले. आज सुमारे दोन पंचमांश रुग्णांच्या कुटुंबांत दुसरी एखादी व्यक्ती अशी सापडते. 1882 मध्ये व्हिल्हेल्म एबश्टाइन या जर्मन वैद्यांनी पाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘नरसाळ्यासारखी छाती’ या अर्थाची जर्मन संज्ञा रूढ झाली. हृदयाच्या एका जन्मजात विकृतीला ज्यांचे नाव मिळाले आहे तेच हे एबश्टाइन.

कारणांविषयी त्या काळी अनेक तर्क लढविले गेले. मुडदूस, गर्भाशयात हनुवटीचा छातीवर पडणारा दाब, मध्यपटलाची (छाती व उदर यांमधील स्नायुमय पडद्याची) ओढ अशी नाना कारणे पुढे आली. जर्मन लोकभाषेत हिला ‘चांभाराची छाती’ असेही नाव होते. जोडा शिवताना त्याचा लाकडी साचा छातीशी टेकवून धरण्याची चांभारांची पद्धत असल्याने त्यांना खळगा पडतो, ही त्यामागील समजूत. जन्मतःच दिसणाऱ्या विकृतीचे खापर एखाद्या धंद्यावर फोडण्याचा हा प्रकार होय. बरगड्यांच्या उपास्थी प्रमाणाबाहेर वाढतात व वाढीस जागा न मिळाल्याने उरोस्थीला आत ढकलतात, हे मत नंतर बराच काळ प्रचलित राहिले. तथापि मूळ कारणाचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही. मारफान लक्षणसमूहासारख्या संयोजी ऊतकाच्या (शरीरातील इतर भागांना आधार देणाऱ्या व जोडणाऱ्या पेशीसमूहाच्या) विकारांत आणि पाठीचा कणा वाकडा असलेल्या व्यक्तींत ती अधिक आढळते, एवढे निश्चित आहे.

एकोणिसाव्या शतकातील उपचार म्हणजे मोकळी हवा, श्वसनाचे व्यायाम आणि छातीच्या दोन्ही बाजूंवर दाब देणे. यांनी हाड जागचे हलत नसे. व्यायामाने खांदे मागे जातात, पाठ सरळ होते व छातीचे स्नायू भरतात. त्यामुळे सौम्य खळगा कमी जाणवतो, हा त्यांचा गुण आजही मान्य आहे. मात्र काही मुलांत दोन्ही बाजूंचे स्नायू फुगल्याने मधला खळगा उलट अधिकच उठून दिसतो.

शस्त्रक्रियेचा आरंभ : छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस मिटते, या अडचणीमुळे एकोणिसावे शतक संपेपर्यंत शल्यचिकित्सक छातीला हात लावण्यास धजत नसत. फेर्डिनांट झाउअरब्रुख यांनी 1904 मध्ये ब्रेस्लौ येथे कमी दाबाची बंदिस्त खोली तयार केली. रुग्णाचे डोके खोलीबाहेर व धड आत ठेवून छाती उघडता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत आली व ती खोली निरुपयोगी ठरली, पण वक्षीय शस्त्रक्रियेचा मार्ग तिने मोकळा केला.

खचलेल्या छातीवरील पहिली शस्त्रक्रिया 1911 मध्ये बर्लिनचे लूटव्हिख मायर यांनी केली. उजव्या बाजूच्या दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या उपास्थी त्यांनी काढल्या. त्याचा काहीच उपयोग झाला नाही. 1913 मध्ये झाउअरब्रुख यांनी बरेच धाडस केले. त्यांचा रुग्ण वडिलांच्या घड्याळांच्या कारखान्यात काम करणारा तरुण होता. त्यास बसल्या जागी धाप लागे, छातीत धडधडे आणि काम करणे अशक्य झाले होते. झाउअरब्रुख यांनी डाव्या बाजूच्या पाचव्यापासून नवव्यापर्यंतच्या उपास्थी व लगतचा उरोस्थीचा तुकडा कापून काढला आणि ती जागा स्नायूने झाकली. हाडांचे कवच गेल्याने हृदयाचे ठोके त्वचेखाली स्पष्ट दिसत. रूपाच्या दृष्टीने ही सुधारणा म्हणता येणार नाही, परंतु तो तरुण पुढे दिवसाला बारा ते चौदा तास न थकता काम करू लागला व तीन वर्षांत त्याचे लग्नही झाले. या क्षेत्रातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया छाती सुरेख करण्यासाठी नव्हे, तर माणसाला कामावर परत पाठविण्यासाठी झाली, ही गोष्ट पुढील वादात पुष्कळदा विसरली गेली.

1920 नंतरच्या दशकात झाउअरब्रुख यांनी पद्धत बदलली. दोन्ही बाजूंच्या उपास्थी काढून उरोस्थी आडवी छेदावयाची, ती वर उचलावयाची आणि पुन्हा खचू नये म्हणून बाहेरून ताण देऊन सुमारे सहा आठवडे टांगून धरावयाची, अशी ही पद्धत होती. अमेरिकेत 1939 मध्ये न्यू ऑर्लीन्सचे ॲल्टन ऑक्सनर व मायकेल डीबेकी (पुढे हृदयशल्यचिकित्सेत नामवंत झालेले) यांनी तोवरच्या सर्व अनुभवाचा आढावा घेतला. त्याच वर्षी सॅन फ्रॅन्सिस्कोचे लिंकन ब्राउन यांनी उरोस्थी व मध्यपटल यांना जोडणारा आखूड बंध हेच विकृतीचे कारण असल्याचे मत मांडले. तो बंध बालपणीच तोडला की पुढची विकृती टळेल, असा तर्क त्यातून निघाला. तो टिकला नाही, परंतु ‘लवकर शस्त्रक्रिया करावी’ हा विचार मात्र मूळ धरून राहिला.

1949 मध्ये बॉल्टिमोरचे मार्क रॅव्हिच यांनी आठ रुग्णांवरील शस्त्रक्रियांचे वृत्त प्रसिद्ध केले. विकृत उपास्थी त्यांच्या वेष्टनासह संपूर्ण काढणे, उरोस्थी खालच्या टोकापासून व बाजूंच्या स्नायूंपासून मोकळी करणे आणि वरच्या भागात आडवा छेद घेऊन ती पुढे आणणे, असे तिचे स्वरूप होते. उरोस्थी पुरेशी मोकळी केली की तिला बाहेरून टांगून ठेवण्याची गरज पडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1958 मध्ये बॉस्टनचे केनेथ वेल्च यांनी 75 रुग्णांचा अनुभव मांडताना उपास्थींचे वेष्टन व बरगड्यांमधील स्नायू शाबूत ठेवण्यावर भर दिला, कारण त्या वेष्टनातूनच नवी उपास्थी तयार होते. आज ‘रॅव्हिच शस्त्रक्रिया’ या नावाने जी केली जाते ती वस्तुतः बव्हंशी वेल्च यांची आहे. नाव मात्र आधीच्या पद्धतीचे राहिले. फिनलंडमधील वॉलग्रेन व सुलामा यांनी 1956 मध्ये उरोस्थीला आतून आधार देण्यासाठी पोलादाची वक्र पट्टी वापरली; 1961 मध्ये अमेरिकेत ॲडकिन्स व ब्लेड्स यांनी सरळ पट्टी उरोस्थीच्या मागून घातली. उरोस्थीचा खचलेला भाग सोडवून तो उलटा करून बसविण्याची पद्धतही याच सुमारास फ्रान्समध्ये निघाली व जपानमध्ये जूरो वादा यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. सुटलेल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटत असल्याने ते निर्जीव होण्याचा धोका तीत असे.

अतिउत्साहाची किंमत : 1950 ते 1990 या काळात अनेक ठिकाणी अगदी लहान मुलांवर या शस्त्रक्रिया झाल्या. वय कमी असताना उपास्थी मऊ असतात, शस्त्रक्रिया सोपी जाते आणि मुलाला शाळेत चिडविले जाण्यापूर्वीच दोष नाहीसा होतो, अशी त्यामागील भूमिका होती. तिच्यात आईबापांच्या काळजीचाही वाटा असावा. 1996 मध्ये बॉल्टिमोरचे ॲलेक्स हॅलर व त्यांचे सहकारी यांनी बारा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा या उत्साहाचे परिणाम उघड झाले. बालपणी फार लवकर व फार विस्तृत प्रमाणात उपास्थी काढल्यामुळे बरगड्यांच्या वाढीची केंद्रे नष्ट झाली होती. मुले वाढली, पण छाती वाढली नाही. श्वास घेताना ती फुगेनाशी झाली. ज्यांना खळग्याचा त्रास असलाच तर थोडा होता, त्यांना उपचाराने कायमचे श्वसनवैकल्य आले. उरोस्थीच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात याहून दुःखद प्रकरण नाही. त्यानंतर लहान वयातील खुली शस्त्रक्रिया बहुतेकांनी सोडून दिली.

खळग्याची तीव्रता मोजण्याचे प्रचलित परिमाणही हॅलर यांचेच आहे. संगणकीय क्ष-किरण छेदचित्रात छातीची आतील रुंदी, उरोस्थी व पाठीचा कणा यांमधील सर्वांत कमी अंतराने भागली म्हणजे जो अंक मिळतो त्यास ‘हॅलर निर्देशांक’ म्हणतात. प्राकृत छातीत तो 2.5 च्या आसपास असतो. 1987 च्या मूळ लेखात शस्त्रक्रिया झालेल्या सर्व रुग्णांचा निर्देशांक 3.25 पेक्षा जास्त होता, इतकेच निरीक्षण होते. पुढे मात्र हाच अंक शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने द्यावा की नाही हे ठरविणारी सीमारेषा बनला. एका लहानशा रुग्णगटाच्या वर्णनाला असे नियमाचे रूप येणे वैद्यकात नवीन नाही.

पट्टीची पद्धत : व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथील बालशल्यचिकित्सक डोनल्ड नस यांनी 1987 मध्ये एक वेगळीच वाट धरली. त्यांचा विचार साधा होता. वृद्धपणी वातस्फीतीच्या (फुप्फुसे कायमची फुगून राहण्याच्या) विकारात प्रौढ माणसाची पक्की छातीसुद्धा पिंपासारखी गोल होते. दंतवैद्य तारांनी दात सरकवितात. अस्थिचिकित्सक पट्टे बांधून हाडे वळवितात. मग मुलाची लवचिक छाती काहीही न कापता आतून रेटून का धरू नये? दोन्ही कुशींवर लहान छेद घेऊन पोलादाची वाकविलेली पट्टी उरोस्थी व हृदय यांच्यामधून पलीकडे न्यावयाची आणि ती अर्धवर्तुळातून फिरवावयाची, की उरोस्थी क्षणात वर येते. पट्टी दोन ते चार वर्षे आत राहते व नंतर काढून टाकतात. नस यांनी दहा वर्षे वाट पाहून 1998 मध्ये 42 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्या काही वर्षांतच ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. छातीच्या मध्यभागी लांब व्रण राहत नाही, हे तिच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण होते. रूपाचा प्रश्न येथे पुन्हा पुढे आला.

हाडे न कापण्याचा अर्थ सोसावे लागत नाही असा नव्हे. पट्टीचा दाब छातीच्या भिंतीवर सतत असतो व पहिल्या काही दिवसांतील वेदना तीव्र असतात. अलीकडे बरगड्यांलगतच्या तंत्रिका (मज्जातंतू) गोठवून काही महिने बधिर करण्याची युक्ती निघाल्यापासून रुग्णालयातील मुक्काम बराच कमी झाला आहे. आरंभीच्या रुग्णांत पट्टी सरकण्याचे प्रमाण बरेच होते. टोकांना आधारपट्ट्या बसविण्यास सुरुवात झाल्यावर ते घटले. पट्टी नेताना हृदयास भोक पडल्याच्या व त्यातून मृत्यू ओढवल्याच्या घटना अतिविरळ असल्या, तरी त्यांची नोंद आहे. दुर्बिणीने आत पाहत पट्टी सरकविण्याची पद्धत सार्वत्रिक होण्याचे कारण तेच. वयाबद्दलचे मतही बदलले. नस यांच्या पहिल्या रुग्णांत लहान मुले बरीच होती. आता वयात येण्याचा काळ योग्य मानला जातो, कारण त्याआधी पट्टी काढल्यास वाढीच्या वेगात छाती पुन्हा खचू शकते.

रोग की रूप, हा वाद मात्र शमला नाही. 2006 मध्ये मालेक व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून शस्त्रक्रियेनंतर हृदयाचे कार्य सुधारते असा निष्कर्ष काढला. 2007 मध्ये गंथरॉथ व स्पायर्स यांनी तेच पुरावे तपासून तो नाकारला. 2008 मध्ये केली व सहकाऱ्यांनी निरनिराळ्या रुग्णालयांतील मुले व त्यांचे पालक यांना प्रश्नावली देऊन, शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या शरीराविषयीची भावना लक्षणीय सुधारते असे दाखविले. 2019 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने पुरावा अपुरा ठरवून या शस्त्रक्रियेचा खर्च नेहमीच्या तरतुदीतून करणे थांबविले. अतितीव्र विकृतीच्या रुग्णांसाठी नंतर अपवाद करण्यात आला. पोहण्याच्या तलावाकडे कधीच न फिरकणाऱ्या मुलाचे दुःख हृदयाच्या आलेखात उमटत नाही, आणि आरोग्यसेवेच्या हिशेबात ते कोणत्या सदरी मांडावयाचे हे अजून ठरलेले नाही.

केवळ बाह्यरूपाचे उपचार : हृदय व फुप्फुसे यांना त्रास नसलेल्या प्रौढ व्यक्तीने खळगा केवळ भरून घ्यावा, ही कल्पना सिलिकोन हा पदार्थ हाती आल्यावर व्यवहारात उतरली. 1962 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे स्तनांसाठी सिलिकोनचे पहिले रोपण झाले व त्यानंतरच्या दशकात छातीच्या खळग्यासाठीही सिलिकोनचे तुकडे बसविले जाऊ लागले. प्रथम रुग्णाच्या छातीवर प्लास्टरचा साचा घेत व त्यावरून तुकडा ओतीत. साचा त्वचेवरून घेतलेला आणि तुकडा त्वचेखाली बसवावयाचा, त्यामुळे माप पुरेसे जुळत नसे. कडा त्वचेतून जाणवत, तुकडा सरके आणि भोवती लस साचून ती पुनःपुन्हा सुईने काढावी लागे.

फ्रान्समधील तुलूझ येथे झां-प्येर शाव्हाँ व त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून हे तंत्र सुधारले. पुढे संगणकीय छेदचित्रावरून छातीच्या हाडांचा त्रिमितीय आकार काढून त्याबरहुकूम तुकडा घडविणे आणि तो त्वचेखाली न ठेवता स्नायूंच्या खाली, हाडाला लागून बसविणे शक्य झाले. स्नायूंचे आच्छादन असल्याने कडा दिसत नाहीत. हा तुकडा घट्ट रबरासारखा भरीव असतो. अमेरिकेत 1992 मध्ये ज्यांच्या वापरावर निर्बंध आले त्या स्तनरोपणांत पातळ जेल भरलेले होते. भरीव तुकडा फुटून गळण्याचा प्रश्नच नसतो. पहिल्या काही आठवड्यांत लस साचणे ही तक्रार मात्र अजूनही राहिली आहे. अशा रोपणाने उरोस्थी तसूभरही हलत नाही. म्हणून हृदयावर दाब असलेल्या रुग्णास ते सुचविणे ही फसवणूकच ठरेल.

दुसरा मार्ग रुग्णाच्या स्वतःच्या चरबीचा. चरबीचे रोपण जुने आहे. जर्मनीत गुस्टाव्ह नॉयबर यांनी 1893 मध्ये दंडातील चरबी चेहऱ्यावरील व्रणाच्या खळग्यात भरली होती. 1990 नंतर न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी ती बारीक नळीने काढून, शुद्ध करून, थोडीथोडी निरनिराळ्या थरांत सोडण्याची पद्धत नेटकी केल्यावर ती छातीसाठीही वापरली गेली. भरलेल्या चरबीपैकी काही भाग शरीरात जिरतो, म्हणून दोन-तीन वेळा प्रयोग करावा लागतो. अडचण अशी, की खचलेल्या छातीचे तरुण बहुधा उंच व सडपातळ असतात. भरण्यासाठी चरबी हवी आणि अंगावर ती नाही. त्यामुळे या पद्धतीचा उपयोग उथळ खळग्यासाठी किंवा अन्य शस्त्रक्रियेनंतर राहिलेली उणीव भरण्यासाठी जास्त होतो. स्त्रियांमध्ये खळगा स्तनांच्या वाढीमुळे झाकला जातो व दुर्लक्षित राहतो. नुसते स्तनरोपण करून तो लपविण्याचा प्रयत्न केल्यास रोपणे मधल्या उतारावरून एकमेकींकडे घसरतात, असा अनुभव आहे.

तिसरा मार्ग हाड खरोखरच हलवू पाहणारा, पण बिनशस्त्राचा आहे. काचेची घंटा छातीवर ठेवून हवा शोषून उरोस्थी वर ओढण्याचा प्रयोग म्यूनिकचे फ्रिट्स लांगे यांनी केला होता व त्याचे वर्णन 1910 मध्ये प्रसिद्ध झाले. पोकळीचा दाब टिकविण्यास योग्य साधने नसल्याने तो मागे पडला. तोच विचार एकार्ट क्लोब या जर्मन अभियंत्याने पुन्हा उचलला. क्लोब यांची स्वतःचीच छाती खचलेली होती. त्यांनी सिलिकोनची कड, मध्ये पारदर्शक खिडकी व हातपंप असलेली ‘शोषण-घंटा’ बनविली. तिच्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी करता येतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील हेकर व मायर यांनी 2006 मध्ये 34 रुग्णांवरील आरंभीचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यापासून तिला वैद्यकात स्थान मिळाले. प्रारंभी दिवसातून दोन वेळा अर्धा अर्धा तास व पुढे काही तास ती लावावी लागते. हे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चिकाटीने केले तरच गुण येतो. वय अकराच्या आत, खळगा दीड सेंटिमीटरपेक्षा उथळ व छाती लवचिक असेल, तर यशाची शक्यता सर्वांत जास्त. त्वचेखाली रक्त साकळणे, तात्पुरती सूज किंवा बधिरपणा हे किरकोळ उपद्रव होतात. रक्तस्रावाची प्रवृत्ती किंवा ठिसूळ हाडे असणाऱ्यांनी ती वापरू नये. सॅन फ्रॅन्सिस्को येथे मायकेल हॅरिसन यांनी उरोस्थीवर एक चुंबक बसवून दुसरा छातीवरील पट्ट्यात ठेवण्याचा प्रयोग केला. कल्पना आकर्षक असली तरी तिचा प्रसार झाला नाही.

शोषण-घंटेने मात्र शस्त्रक्रियेतही प्रवेश मिळविला आहे. नस यांच्या पद्धतीत पट्टी पलीकडे नेताना सर्वांत धोक्याचा क्षण उरोस्थी व हृदय यांमधील अरुंद जागेतून जाण्याचा असतो. त्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाच्या छातीवर घंटा लावून हवा शोषली की उरोस्थी काही सेंटिमीटर वर उचलली जाते, आणि शल्यचिकित्सकास दुर्बिणीतून पाहत पट्टी हृदयापासून दूर ठेवून पलीकडे काढता येते.